मातकट रंग

विमानांच्या कारखान्यात त्यांना सगळे चकतीकाका म्हणत. त्या काळी लढाऊ विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. पत्रा काय तो इंजिनावरच्या झाकणाला. ठोकून आकाराला आणलेल्या त्या अॅल्युमिनियमवर हातोडीचे वण राहत. ते लपवायला काका ड्रिलमध्ये बुचाचा तुकडा बसवत, त्याला तेलात कालवलेली पॉलिशची पूड लावत आणि फिरतं बूच पत्र्यावर टेकवत. एकाला खेटून एक, अर्धी एकमेकांवर चढलेली चकत्यांसारखी वर्तुळं उमटत जात. उन्हात झाकण माशाच्या खवल्यांसारखं लखलखे. काकांचा सगळा जीव त्यात.

लढाईला तोंड फुटलं आणि वरून हुकूम आला : चमक लांबून दिसते, सगळी विमानं मातकट हिरव्या रंगाने रंगवा.

काकांचा जावई वैमानिक होता. त्याची तुकडी गावाबाहेरच्या मैदानावर होती. तो कारखान्यात आला आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, माझं झाकण तेवढं राहू द्या. आपली माणसं मला त्यावरून ओळखतात. आमचे साहेब कानाडोळा करणार आहेत, मी बोललोय त्यांच्याशी."

"बरं, जावईबापू. नाही लावत हात," काका म्हणाले. मनातून ते सुखावले होते. निदान एक तरी झाकण वाचलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी डबा घेऊन आली. रोज डबा फाटकावर ठेवून जाणारी, आज थेट आत आली.

"बाबा, जे आपल्या माणसांना दिसतं ते समोरच्यालाही दिसणारच ना? रंगवून टाका ते."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"मोडा. आणि मी सांगितलं म्हणू नका. त्यांना कळलं तर घरात बोलणं सोडतील माझ्याशी."

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे वाद घातला नाही. गुळगुळीत पत्र्यावर रंग धरत नाही, आधी पत्रा खरवडावा लागतो. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. काचकागद घेऊन एकेक वर्तुळ स्वतःच पुसलं. मग रंगाचा हात दिला. तो वाळल्यावर झाकण चिखलात लोळून आल्यासारखं दिसायला लागलं.

जावई विमान न्यायला आला, तेव्हा त्याने झाकणावरून बोट फिरवून पाहिलं.

"मामा, तुम्ही शब्द दिला होतात."

"हुकूम होता," काका म्हणाले. त्यांना वर बघवेना.

त्याच आठवड्यात तुकडी आघाडीवर निघाली. जावई निरोप घ्यायला सासऱ्यांकडे फिरकला नाही. बायकोला मात्र म्हणाला, "तुझ्या वडिलांनी केसाने गळा कापला माझा." ती बॅगेचे पट्टे आवळत राहिली. तोंडाशी आलेलं तिने गिळलं.

त्यानंतर तो परत आलाच नाही. मुलगी आता काकांकडेच राहत होती. जावयाच्या तुकडीतला एकजण तिथे आला, टोपी हातात धरून दारातच बोलला. टेहळणी करून जावई खाली उतरत होता, आपल्याच खंदकांवरून. धुकं होतं. आपल्याच तोफवाल्यांनी त्याला पाडलं.

"का?" मुलीने विचारलं.

"विमान कुणाचं ते खालून कळलं नाही, वहिनी."

"झाकण चमकतं असतं तर?" काकांनी विचारलं.

"काय सांगू, मामा. हल्ली तिकडे दिसेल त्यावर गोळ्या झाडतात."

त्या उत्तराने कुणाचंच समाधान झालं नाही. पुढे नवा हुकूम निघाला, पंखांच्या खालून रुंद पट्टे रंगवायचे, म्हणजे आपल्यांना ओळख पटेल. पट्टे रंगवायला माणसं कमी पडत होती. मुलगी त्या कामावर लागली. काकांनी पॉलिशचं काम सोडून पत्रे कापायचं मागून घेतलं. बापलेक सकाळी बरोबर निघत, संध्याकाळी बरोबर येत. बोलणं मिठापुरतं आणि कोळशापुरतं. काकांना वाटे, पोर आपल्याकडे बघत नाही ती रागानेच. त्यांनीही विषय काढला नाही.

एकदा जेवताना तिने घास ताटात परत ठेवला.

"बाबा, ते गेले ते तुमच्यावर राग धरून. निघताना मी खरं सांगू शकले असते. तोंडच उघडलं नाही माझं."

रंग नखांत बसलेला तिचा हात ताटाच्या कडेवर होता. त्यावर काकांनी आपला हात ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्यावर तरी रागावून गेले नाहीत ते."

तिने हात काढून घेतला नाही. ताटातलं अन्न तसंच निवत राहिलं.