बायजा टेकायची ती जागा

भात कापून झालं की वालाची पेरणी. त्याआधी महिपतीचा एक नेम होता. सलग तीन संध्याकाळ बांधावरून फिरायचं आणि रातकिडे कुठे ओरडतात ते ऐकायचं. आवाज तिथे बीळ. बिळात पाणी ओतायचं, किडा वर आला की पायाखाली घ्यायचा. नाहीतर वालाचे कोंब वर यायचा अवकाश, हे बेटे त्यांचा फडशा पाडतात. रोह्याच्या आसपास या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं निदान महिपतीचं स्वतःचं मत होतं. सोबतीला बायको, बायजा, पाण्याची कळशी घेऊन असायची.

यंदा ती नव्हती. आषाढात तापाचं निमित्त झालं आणि गेली. मागे राहिला राखेत घोळवून मडक्यात भरलेला वाल, तिच्या हातचं शेवटचं बियाणं. यातला दाणाही आमटीत जाऊ द्यायचा नाही, असं महिपतीने ठरवलं होतं. पेरायचा, आणि येईल त्याचंच बी पुन्हा मडक्यात भरायचं. तेवढीच बायजा घरात राहील.

तीन संध्याकाळ तो एकटा फिरला. एकही रातकिडा ओरडला नाही.

"यंदा किडा नाय," त्याने सुनेला, अनिताला, सांगितलं आणि मडकं शेतात रिकामं केलं.

कोंब आले आणि चार दिवसांत कुरतडून गेले. महिपती बांधावर डोक्याला हात लावून बसला. दिवेलागणीला अनिता बोलवायला आली.

"बाबा, घरी चला. कान किटले या किड्यांनी."

"कुठल्या किड्यांनी?"

तिने खाली बोट दाखवलं. मग हळूच म्हणाली, "तुमच्या पायाशीच वरडतोय एक. आयकू येत नाय तुमाला?"

त्याने कानामागे हात धरला. लांबचा ट्रॅक्टर ऐकू येत होता, पुलावरचा हॉर्नसुद्धा. ती बारीक किरकिर तेवढी नव्हती.

मग त्याला आठवलं. बायजा पुढे चालायची आणि मध्येच कळशी खाली ठेवायची. "जरा टेकते, पाय भरून आले." पन्नास पावलांत हिचे पाय भरतात म्हणून तो चिडायचा. चिडून खाली बघावं, तर शेजारीच बीळ. बीळ दिसलं की आवाजही आल्यासारखा वाटायचा.

"बघ, माझा कान," तो म्हणायचा.

"व्हय, लय तिखट," ती म्हणायची.

दहा वर्षं तरी हे असंच चाललं होतं. तिने एका शब्दाने त्याला कमीपणा येऊ दिला नव्हता.

"अष्टमी गावातनं बी आणू, बाबा," अनिता म्हणाली. "परत पेरू."

"आण. पण पेरायच्या आधी माझ्यासंगं फिर." त्याने कानामागचा हात खाली घेतला. "आन किडा वरडला की सरळ सांग गो. पाय भरून आले म्हणू नको."

अनिताला काही उमगलं नाही. सासरा रडतोय, एवढंच तिला दिसलं.