सासूबाईंची पांढरी अंगठी

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. सोनारकाम करणाऱ्या माणसाचं डोकं थंड असावं, असं बाबा म्हणतात. त्यांना परवडतं थंड डोकं. मला दुकानात येणारं प्रत्येक तिसरं गिऱ्हाईक विचारतं, "सोनार कुठे गेलेत?" आणि मी हातात कानस घेऊन त्याच्या नाकासमोर बसलेली असते.

पण त्या सकाळी मी चक्क गाणं गुणगुणत होते. लग्नाला सात आठवडे उरले होते. मागच्या वर्षी आमच्या इमारतीची लिफ्ट मला घेऊन दोन मजल्यांच्या मधे अडकली, ती दुरुस्त करायला एक लांबलचक मुलगा आला, त्याने मला हाताला धरून वर ओढून काढलं आणि मग मी त्यालाच वीस मिनिटं झापलं. त्याने एकदाही जांभई दिली नाही. असा मुलगा सोडण्यात काय अर्थ होता? घरी आम्ही सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणतो.

त्याच्या आईने, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, मोठ्या हौसेने सांगितलं होतं, "मला सुनेच्या हातची अंगठी हवी." मग मी ती केली. आटवण्यापासून झळाळीपर्यंत, बाबांचं बोटही लागू न देता केलेली ती माझी पहिली अंगठी. देऊन महिना झाला होता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पुढे सासूबाई, मागे चौकटीतून मान वाकवत लिफ्टवाला. सासूबाईंनी माझी अंगठी काउंटरवर आपटली.

"हे काय आहे?"

"अंगठी आहे, काकू."

"कशाची?"

"सोन्याची."

"मग पांढरी कशी पडली?"

मी उचलून पाहिली. तळव्याकडची बाजू चांदीसारखी पांढरी झाली होती, वर डागडाग. दुकानात बांगड्या बघत बसलेल्या बाईंनी हातातली बांगडी हळूच काढून ठेवली आणि "येते हं" म्हणत सटकल्या.

"चांदीला मुलामा देऊन मला टोपी घातलीस!" सासूबाई कडाडल्या. "फसवणाऱ्या घरात मी माझा मुलगा देणार नाही!"

"आई, मी काय कपाट आहे का द्यायला?" लिफ्टवाला म्हणाला.

"तू गप्प बस!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

लग्न मोडतंय ही एक भीती. आणि दुसरी त्याहून वाईट, की उद्या गल्लीभर होईल, सोनाराच्या पोरीने स्वतःच्या सासूलाही सोडलं नाही. मी कसोटीचा दगड काढला. अंगठी एकदा घासली, फिकट रेघ आली. त्याच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घासली, तर लखलखीत पिवळी रेघ. वर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ जागची हलली नाही; खोटी असती तर तेजाबात विरघळली असती.

"बघा! आत अस्सल सोनं आहे. पांढरं आहे ते नुसतं वरवर आहे."

"हातचलाखी," सासूबाई म्हणाल्या.

हातचलाखी! मला! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी रागाने मान झटकली आणि मला त्यांचं कानातलं दिसलं. गालाकडच्या बाजूने तेही पांढरं.

"काकू, हे कानातले कुणी केले?"

"माझ्या आईने दिलेत लग्नात. एकतीस वर्षं झाली. खरं सोनं कसं असतं ते बघायचं असेल तर हे बघ!"

"बघतेय ना. तेही पांढरे झालेत."

त्यांनी काउंटरवरच्या आरशात कान वळवून पाहिला. मग दुसरा कान. मग परत पहिला.

"म्हणजे तुमच्या आईनेही तुम्हाला फसवलं?" मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

"माझ्या आईचं नाव काढू नकोस!"

"मग माझंही काढू नका! एकतीस वर्षं पिवळं राहिलेलं सोनं याच महिन्यात पांढरं झालं, त्यात माझा काय दोष? थांबा, आत्ता जाळ दाखवते, सगळं उडून जाईल आणि तुमची खात्री पटेल."

मी गॅसची टॉर्च पेटवणार, तोच बाबांनी माझं मनगट धरलं. बाबा इतका वेळ मागच्या चौरंगावर बसून सगळं ऐकत होते; आता त्यांनी माझ्या हातातली अंगठी घेऊन भिंगाखाली धरली. ते दिवसाला सात-आठ वाक्यं बोलतात.

"आगीजवळ नेऊ नकोस," ते म्हणाले. "पारा आहे हा. तापला की वाफ होते आणि ती नाकात जाते."

"पारा?"

"सोन्याला पारा लागला की असंच होतं. माझे उस्ताद पारा लावून मुलामा चढवायचे. जन्मभर तो धूर घेतला त्यांनी. शेवटी हात इतके कापायचे की चहाचा कप तोंडाशी नेता येईना. मीच पाजायचो."

एवढं बाबा एका दमात बोललेले मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी अंगठी काचेच्या बाटलीत टाकली, बूच घट्ट लावलं आणि सासूबाईंना कानातलेही काढायला लावून त्याच बाटलीत घातले.

"पण घरात पारा येणार कुठून?" मी म्हटलं. "थर्मामीटर फुटला का?"

"आमचा डिजिटल आहे," लिफ्टवाला म्हणाला.

मग मी सासूबाईंकडे नीट पाहिलं, आणि रागाच्या भरात जे दिसलं नव्हतं ते दिसलं. महिन्यापूर्वी त्यांचा रंग चांगला गव्हाळ होता. आता चेहरा पांढराफटक, आणि मान, कान, हात मात्र होते तसेच गव्हाळ. जणू चेहरा एकीचा आणि मान दुसरीची.

"काकू, चेहऱ्याला काय लावता?"

"मी? छे! साबण."

"कुठल्या बोटाने लावता?"

"या," असं म्हणून त्यांनी अंगठीचं बोट वर केलं, आणि मग ते तसंच वर राहिलं.

"आई!" लिफ्टवाला किंचाळला. "तू अशक्तपणाने पांढरी पडलीस म्हणून मी महिनाभर बीट आणतोय! रोज! मीसुद्धा खातोय तुला सोबत म्हणून! मला बीट अजिबात आवडत नाही!"

काखेत कळसा म्हणतात तो हाच. सासूबाईंनी काखेतली पर्स उघडली आणि आतून एक डबी काढली. अर्धी संपलेली, गुलाबी झाकणाची. घाईघाईत तिच्यामागून दुसरीही बाहेर आली, ती चकचकीत कागदात गुंडाळलेली, वर रिबिनीचं फूल. ती त्यांनी पटकन परत आत कोंबली. पण मी पाहिली.

मी धाकट्या बहिणीला फोन केला. ती दोन दुकानं सोडून औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, आम्ही तिला गोळी म्हणतो. गोळी पांढऱ्या कोटात धावत आली. डबी आधी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, मग बाबांचं भिंग घेऊन तिच्यावर वाकली.

"घटक कुठे लिहिलेत? नाहीत. कंपनीचा पत्ता? नाही. 'सात दिवसांत चंद्रासारखी कांती', हे मात्र तीन ठिकाणी आहे. कुणी दिली ही, काकू?"

"पार्लरवालीच्या मावसबहिणीने बाहेरच्या देशातून आणली. खास ओळखीत."

"खास ओळखीतच गळा कापतात. अहो, चेहऱ्याला लावायचंच तर दिवसा सनस्क्रीन लावा, तेच सगळ्यात कामाचं. डाग असतील तर नायसिनॅमाइड आहे, व्हिटॅमिन सी आहे. कुणाला चुरचुरतं, म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. हायड्रोक्विनोन असेल तर डॉक्टरला विचारून, तेही थोडेच दिवस. स्टेरॉइडची ट्यूब तर मनाने नाहीच, कातडी पातळ होते. आणि या सगळ्यात मला कुणी पाऱ्याबद्दल विचारलं ना, तर मी काठी घेऊन येते. थांबा, खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे."

तिने भिंग जवळ नेलं आणि मोठ्याने वाचलं, "वापरताना सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवावेत."

मग मला जे हसू फुटलं ते आवरेचना. मी काउंटरवर कपाळ टेकून हसले. माझ्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द डबीच उभी राहिली होती! लिफ्टवाला हसला, गोळी हसली, बाबांचेही खांदे हलायला लागले.

"एवढंसं लिहिलेलं वाचायला चष्मा लागतो," सासूबाई पुटपुटल्या, "आणि क्रीम लावताना कोण चष्मा लावतं?"

यावर आणखी दहा मिनिटं गेली.

हसू ओसरल्यावर गोळीने त्यांना विचारलं, झोप लागते का, हात कापतात का, चिडचिड होते का.

"चिडचिड तर आधीपासूनच..." लिफ्टवाला म्हणाला.

"तू गप्प बस," आम्ही म्हटलं.

"झोप येत नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "मला वाटलं, लग्नाची काळजी."

"आणि दुसरी डबी कुणाची?" मी विचारलं.

खरं तर विचारायची गरज नव्हती. मी सावळी वगैरे नाही, सरळ काळी आहे. मला त्याचं ओझं नाही, ते इतरच वाहतात. शाळेपासून मला हळद, दही, लिंबू, बेसन सुचवणाऱ्यांची रांग लागलीय. पण लिफ्टवाल्याच्या घरात मला कुणी काही सुचवलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी ते घर मला फार आवडलं होतं. म्हणून रिबिनीचं फूल बघून मला राग आला नाही, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

"माझ्यासाठी ना?"

सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. "माझ्या लग्नात सासरचे सगळ्यांसमोर म्हणाले होते, मुलगी जरा उजळ असती तर. मी पुऱ्या बावीस वर्षांची होते गं. अजून रडू येतं. तुला कुणी तसं बोलू नये म्हणून आणली."

"मग महिनाभर दिली का नाहीत?"

"आधी स्वतःला लावून बघितली. तुझी कातडी भाजली असती तर? मी म्हातारी, मला काय होतंय!"

आता या बाईला काय बोलणार? जी डबी मला देणं हाच माझा अपमान होता, तिचं विष ती माझ्याआधी स्वतः खात बसली होती. मला तिला झोडपून काढावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं. शेवटी मी सवयीचं तेच केलं. ओरडले.

"काकू, ऐका! मी आहे या रंगाची, याच रंगाने लग्नाला उभी राहणार. चालत असेल तर हो म्हणा, नाहीतर मुलगा घेऊन जा! आणि काहीही ठरवलंत तरी आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला, कारण मला ठणठणीत सासू पाहिजे. भांडायला!"

सासूबाईंनी डोळे पुसायला हात उचलला. गोळीने तो वरच्यावर पकडला. "हात धुवा आधी!"

मग आमची वरात निघाली. पारा टॉवेल-उश्यांतून घरातल्यांनाही लागतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या जोडीला लिफ्टवाल्याच्या हातातही लघवीची बाटली दिली. सासूबाईंनी तिथल्या बाकावर बसलेल्या सहा अनोळखी बायकांना डबीची सगळी हकीकत सांगितली, बीटसकट. त्यातल्या दोघींनी आपापल्या पर्समधल्या डब्या काढून भिंग मागितलं. डब्या गोळीने आरोग्य खात्याकडे जमा केल्या, आणि टॉवेल-अभ्रे कुठे टाकायचे तेही तिथेच विचारून आली.

लिफ्टवाल्याच्या रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. सासूबाईंच्यात निघालं. मूत्रपिंडं शाबूत होती, पण पारा अंगात होता. पुढचे पंधरा दिवस माझं कामात लक्ष लागेना, एका गिऱ्हाइकाची साखळी मी दोनदा उलटी जोडली. रोज सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन म्हणायचे, हात पुढे करा. त्या दोन्ही हात पुढे करायच्या आणि आम्ही दोघी श्वास धरून बोटांकडे बघायचो. बोटं स्थिर असायची. मग त्या म्हणायच्या, "बघितलंस? आता चहा टाक." लग्नाच्या आधल्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट आला तेव्हा पारा निम्म्यावर आला होता. लिफ्टवाल्याने आनंदाने दोघींना एकदम उचलायचा प्रयत्न केला आणि त्याच्या कमरेत उसण भरली.

क्रीम बंद झाल्यावर चेहऱ्याचा रंग परत यायला लागला. आधी कपाळ, मग गाल, आणि येताना जरा जास्तच आला. लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या, आणि लिफ्टवाल्याच्या चुलत आत्या आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळत पुढे आल्या. मला वाटलं, आलं आता. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"अगं बाई," आत्या त्यांना म्हणाल्या, "तू किती काळवंडलीस गं!"

"हो ना!" सासूबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शिक्का मारणारा कारकूनही थांबला. "डॉक्टर म्हणाल्या, आता जिवाला धोका नाही!"