आईच्या सांगण्यावरून

न्हाणीचं दार आतून लावून सत्यशीलाने कुर्ता वर केला आणि भावाचा दाढीचा आरसा पोटाशी धरला. बेंबीच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आरसा फुटका, त्यात पोट तुकड्यातुकड्यानेच दिसत होतं. पण प्रत्येक तुकडा साफ होता. बत्तीस वर्षं जे पोट आपल्यासोबत आहे, त्यावर काय आहे नि काय नाही हे आरशाला विचारायची पाळी यावी, यापरता मूर्खपणा कोणता? तरी तिने पुन्हा एकदा पाहिलं.

मोबाईल दगडावर, साबणाशेजारी ठेवला होता. पडद्यावर रिपोर्टचं सहावं पान. भाषा इंग्रजी, पण तिने मनात ते मराठीतच वाचलं होतं. 'आईच्या सांगण्यानुसार, चार वर्षांपर्यंत बोलत नव्हती. बोलावी म्हणून पोटावर तापल्या सळईचा डाग दिला. खूण अजून आहे.'

खूण अजून आहे म्हणे!

नगरला सावेडीत पंकजा मॅडम या मानसतज्ज्ञांकडे ती गेली होती जानेवारीत. सुनीलशी काडीमोड होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सुनील वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. "तुझ्याशी संसार म्हणजे कुलूप लावलेल्या घराची कडी वाजवत बसणं," एवढं बोलून तो गेला. माती परीक्षणाच्या लॅबमध्ये ती नोकरीला होती, तिथेही तेच. मातीतलं सगळं हिला कळतं, माणसातलं काही कळत नाही, असं लोक तिच्यासमोर म्हणत आणि वर हसत. आपण हसावं की रागवावं हे ठरेपर्यंत ते चहा पिऊन जाग्यावर गेलेलेही असत.

मॅडमनी चार वेळा बोलावलं. तपासण्या केल्या, प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "तुमचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी हवं." वडील वारलेले, म्हणून पाथर्डीकडच्या गावाहून आईला आणलं. लंकाबाई दीड तास आत बसली आणि सत्यशीला बाहेर. बाहेर आल्यावर लंकाबाई म्हणाली, "लई गुनाची बाई हाय. मला च्या दिला." फेब्रुवारीत दोन पानांचा निकाल आला. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. सत्यशीलाला मात्र कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तसं झालं. म्हणजे आपण दगड नाही! आपल्याला काही आहे, त्याला नाव आहे, आणि ते नाव सुनीलने ठेवलेलं नाही. चार महिने ती ताठ मानेने वागली. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर सरळ येणार नाही म्हणाली. लॅबमधलं टेबल खिडकीशी मागून घेतलं.

पण सुख तिच्या अंगी लागत नसे. दुसऱ्याच आठवड्यात मनात किडा वळवळला. मॅडमकडे जाण्याआधी तिने मोबाईलवर सगळं वाचून काढलं होतं. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं की काय ठरतं, हे तिला ठाऊक होतं. पेपर आधी बघून परीक्षेला बसलेल्या पोरीने पहिल्या नंबराचं कौतुक करून घ्यावं का? मोबाईलवरच्या स्वमग्नांच्या गटात लोक आपापलं लिहीत. कुणाला उजेड सोसत नाही, कुणाला दोन घास गिळवत नाहीत. ते वाचून तिला वाटे, माझं कुठं एवढं आहे? मी सोंग तर नाही ना घेतलं?

असं झालं की ती एकाच आधाराला धरून उभी राही. आई. लंकाबाईला सही येत नाही. ऑटिझम हे औषध आहे की गाव आहे, हे तिला माहीत नाही. ती कशाला बनवून सांगेल? दोन पानी निकालात मॅडमनी लिहिलं होतं, की आईने दिलेली बालपणाची माहिती अत्यंत तपशीलवार आणि निर्णायक आहे. ते वाक्य सत्यशीलाला पाठ होतं. ते आठवून एकदा तर ती लॅबच्या संडासात जाऊन रडली होती. आईला आपलं एवढं आठवतं!

ऑफिसच्या फायलीसाठी सविस्तर चौदा पानी रिपोर्ट मागवला, तो गुरुवारी आला. आज रविवारी गावी येताना एसटीत ती तो वाचायला बसली आणि सहाव्या पानावर अडकली.

कुर्ता नीट करून ती बाहेर आली. अंगणाच्या टोकाला, कांदा साठवायच्या चाळीपुढे, तिचा भाऊ बिभीषण कांदा निवडत बसला होता. तिच्याहून चार वर्षांनी मोठा. लग्न झालेलं नाही, कुणी पोरगी दिली नाही. गावातले लोक कांद्याचे तीन ढीग घालतात: मोठा, मधला, गोल्टी. बिभीषण सात घालतो. व्यापारी सातही ढीग एकाच टेम्पोत ओततो, आणि दरवर्षी बिभीषण त्या दिवशी जेवत नाही. उकाड्याने त्याने बनियन छातीपर्यंत गुंडाळली होती. बेंबीच्या वर चिंचोक्याएवढा काळा डाग. हा डाग ती जन्मापासून पाहत आली होती. खरं तर न्हाणीत जायची गरजच नव्हती.

लंकाबाई पडवीत ज्वारी पाखडत होती.

"आई, त्या मॅडमला तू माझं काय काय सांगितलंस?"

"जे इचारलं त्ये सांगितलं."

"पोटावर डाग दिला म्हणून सांगितलंस."

"दिलाच हुता की."

"कुणाला?"

सूप थांबलं. लंकाबाईने चाळीकडे बघायचं टाळलं, आणि सत्यशीलाला उत्तर मिळालं. तरी ती एकेक विचारत गेली. नमुना तपासायला घेतला की शेवटपर्यंत तपासायचा, ही तिची सवय.

"ट्रकचा आवाज आला की कान झाकून ऊसतोडीच्या झोपडीत, कोपीत शिरायची, ते?"

"त्योच."

"उसाची कांडकी ओळीनं लावायची?"

"त्योच. कुनी एक जरी हलावलं तर डोकं आपटून घ्यायचा."

"चवड्यावर चालायची?"

"शीले, कशाला आता त्ये..."

"सगळं दादाचं?"

लंकाबाईने मान हलवली.

सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग माझं म्हणून का सांगितलंस? दीड तास! दीड तास तू आत बसून दुसऱ्याच लेकराचं सांगत होतीस?"

"दुसऱ्याचं कसं? माझंच लेकरू की."

"आई!"

"मंग काय करू?" लंकाबाईचा आवाजही चढला. "ती बाई कागूद घिऊन बसली. दोन वर्साची कशी हुती, तीन वर्साची कशी हुती, बोलली कवा, हसली कवा. मला काय ठावं? दसरा झाला की आमी ऊस तोडाय. पाडवा उलटल्याव परत. तुझं दूध तुटलं न् तुला रंगूपाशी ठिवली. आता येवढ्या शिकल्या बाईम्होरं कुठल्या तोंडानं म्हनू, माझ्याच लेकीचं मला ठावं न्हाई? मला जे लेकरू ठावं हुतं, त्याचं सांगितलं."

रंगूआत्या. वडिलांची विधवा बहीण. तिला सगळं ठाऊक असणार, पण तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मला का नाही नेलं?" हा प्रश्न सत्यशीलाने कधी विचारला नव्हता. आता तो विचारायचाही नव्हता, तोंडातून गेला.

"बिभ्या रंगूपाशी ऱ्हात न्हवता. घर डोक्यावर घ्यायचा. त्याला न्यावाच लागायचा. तू शहानी हुतीस. तू ऱ्हायलीस."

शहाणी होतीस, म्हणून राहिलीस! सत्यशीलाला हसू आलं, आणि ते हसू तिला स्वतःलाच कडू लागलं. लॅबच्या संडासात आपण रडलो ते कुणाच्या नावानं? आईच्या मनात आपण कुठेतरी साठून आहोत, या भरवशावर चार महिने काढले, आणि आईच्या त्या दीड तासाच्या सांगण्यात आपण एका ओळीतही नाही.

तिने तिथेच उभं राहून मॅडमना मेसेज केला. सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. रविवार असूनही उत्तर लगेच आलं. 'तुमच्या स्वतःच्या तपासण्या आहेतच, पण तेवढ्यावर मी ठाम सांगू शकत नाही. निष्कर्ष सध्या थांबवते. लहानपणी तुम्हाला पाहिलेलं दुसरं कुणी नसेल, तर आईने स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं जे काही असेल, तेवढंच लिहून आणा. थोडं असलं तरी चालेल.'

लंकाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनली बाई?"

"माझा कागद थांबवला."

लंकाबाईने ज्वारीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग हळूच तिने चाळीकडे बोट केलं.

"मंग त्याला हाय व्हय, त्ये?"

"असेल. तपासावं लागेल."

"त्याला तवाच दावला आस्ता... तर मंग त्यो डाग..." पदराचं टोक तोंडात धरून बसली.

तुला तरी कुठं माहीत होतं, असं काहीतरी सत्यशीलाने म्हणायला हवं होतं. कुठलीही लेक म्हणाली असती. ती म्हणाली नाही. सुचलं नाही म्हणून गप्प राहिलो, की आईला लागावं म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येईना. आधीच्या चार महिन्यांत तिने या गप्पपणाला खुशाल आजाराचं नाव दिलं असतं.

ती घरात जाऊन वही-पेन घेऊन आली आणि आईपुढे मांडी घालून बसली.

"आई, माझं सांग. लहानपणीचं. तू स्वतः बघितलेलं. एकच सांग, पण माझं."

"तुला चिच्चा लई आवडायच्या."

"चिंचेनं माझ्या अंगावर पित्त उठतं. आजसुद्धा."

"व्हय?" लंकाबाई खजील झाली. सुपात बोटं फिरवत राहिली. चाळीकडून कांदे पडल्याचा बारीक आवाज येत होता, एक या ढिगावर, एक त्या ढिगावर. सत्यशीला थांबली. आईला घाई करू नये एवढं तिला कळत होतं.

"तू रडायची न्हाईस," लंकाबाई एकदम म्हणाली.

"कधी?"

"आमी निघायचो तवा. बाकीच्यांची लेकरं गाडीमागं पळायची, धुळीत लोळायची. तू न्हाई. उंबऱ्यात गप हुबी ऱ्हायचीस रंगूचा पदर धरून. मी समद्या फडाला सांगायची, माझी शीला कवा रडली न्हाई." तिच्या तोंडावर कौतुक आलं होतं, आणि ते खरं होतं.

सत्यशीलाने घाईघाईने लिहून घेतलं. 'आई निघताना रडत नसे. उंबऱ्यात गप्प उभी असे.' वाचून पाहिलं. असलं वाक्य मॅडमच्या उपयोगाचं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, इतका तिला आनंद झाला. एवढं तरी माझं आहे. एवढं तरी हिने पाहिलं. मॅडम पुढे काय विचारतील हे ती जाणून होती, म्हणून तिने विचारलं, "तेव्हा माझा चेहरा कसा असायचा?"

"च्येहरा?"

"हसरा, रडवेला, कसा?"

"च्येहरा कसा दिसंल बाई? मागं वळून बघितलं तर पाय निघत न्हाई. माझ्या सासूनं पैल्या वर्सीच सांगितलं हुतं, गाडीत बसलं की बैलाच्या शिंगाकडं बघायचं, वळायचं न्हाई. धा वर्सं मी शिंगाकडंच बघितलं."

सत्यशीलाचं पेन कागदावरून उचललं गेलं नाही.

"मग मी रडत नव्हते, हे तुला कसं कळलं?"

लंकाबाईने सूप पुन्हा हातात घेतलं.

"आवाज आला न्हाई कवा," ती म्हणाली. दोनदा पाखडलं, थांबली. "घुंगरमाळा लई वाजायच्या, बाई, बैलांच्या."