बोळक्या तोंडातले किडे

"पडला! पडला! अजून एक पडला!"

रावियाच्या अंगणात नुसता कल्ला उडाला होता. रशीद गावातली निम्मी गल्ली तिथे लोटली होती आणि उरलेली निम्मी गच्च्यांवरून माना काढून बघत होती. मधोमध पाण्याने भरलेली पितळी परात, परातीत मातीची शेगडी, शेगडीत लालभडक निखारे. दातातले किडे काढणारा शेख मितवल्ली निखाऱ्यांवर चिमूटभर बी टाकायचा, दात दुखणाऱ्याला तोंड उघडं ठेवून त्यावर वाकवायचा, डोक्यावरून घोंगडी टाकायचा आणि आरोळी ठोकायचा, "नीघ रे चोरा! हाडाचं घर सोड!" घोंगडी उचलली की परातीत पांढरे, वाकडे, बारीक किडे तरंगत असायचे. माणूस खोकत, डुलत उठायचा आणि म्हणायचा, "अरेच्चा, ठणका थांबला की!"

इन्साफबाई दाराशी उभ्या होत्या. उभ्या कसल्या, दारापासून भिंतीपर्यंत येरझारा घालत होत्या. डावा गाल भोपळ्यासारखा फुगलेला, त्यावर ओढणी दाबलेली. बसलं की ठणका वाढे, आणि घरी थांबलं की जीव नुसता घुसमटे.

शनिवारीच त्यांच्या जबड्याच्या हाडात डॉक्टर मारियाननी स्क्रू बसवला होता. हाड त्याला धरून बसलं की काही महिन्यांनी त्यावर नवा दात यायचा. दात पडल्यापासून सहा वर्षं बाई शाळेत तोंडावर हात धरून शिकवत होत्या. पोरं मागून नक्कल करायची, तेही त्यांना ठाऊक होतं. येत्या हिवाळ्यात मुलीचं, शाहिंदाचं लग्न. त्या दिवशी हात बाजूला ठेवून मोकळ्या तोंडाने आनंदाची किलकारी द्यायची, एवढंच बाईंच्या मनात होतं.

पण सोमवारी शम्म-नसीमचा, वसंताचा सण आला. त्या दिवशी खारवलेल्या मासळीला नाही म्हणणारा रशीदकर अजून जन्माला यायचाय! बाईंनी सकाळभर नुसतं सूप पिऊन दम धरला. दुपारी ताटात मासळीचं डोकं उरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, काहीही चोखायचं नाही, नळीनेसुद्धा प्यायचं नाही. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि डोकं उचलून चांगलं खसाखसा चोखलं. मग तोंडात रक्ताची चव आली आणि संध्याकाळपासून ठणका सुरू झाला. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरांना फोन करायला हात तीनदा गेला आणि तीनदा मागे आला. पन्नाशीची शिक्षिका, कुठल्या तोंडाने सांगणार?

"शाहिंदाची आई, या ना पुढे!" शेजारीण रावियाने त्यांचा दंडच धरला. "मागच्या वर्षी माझा गाल असाच सुजला होता. शेखबाबांनी धूर दिला आणि दुसऱ्या दिवशी सूज गायब!"

शेखने बाईंचं तोंड उघडायला लावलं आणि चटका बसल्यासारखा मागे सरला. "तोबा, तोबा! तोंडात लोखंड! बाई, तुमच्या किड्यांची राणी या खिळ्याखाली जिनाच्या मांडीवर बसलीय. आधी धूर देतो, मग हा खिळा उपटतो. दुखणार नाही, हात हलका आहे माझा." आणि त्याने झोळीतून पक्कड काढली. जुनी, गंजकी, सुताराची पक्कड!

"आई, घरी चल," शाहिंदा कासावीस होऊन म्हणाली. "आज मंगळवार. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

"डॉक्टरांनी एवढं दुखेल असं सांगितलं नव्हतं!" बाई ओरडल्या. ते खरंच होतं. मासळीचं डोकं चोखाल असंही डॉक्टरांनी कुठे गृहीत धरलं होतं? पण दोष किड्यावर ढकलला की माणसाला केवढं हलकं वाटतं! बाई परातीकडे निघाल्याच.

तेवढ्यात कोपऱ्यात काठी आपटली. हाज्जा तफीदा, हज करून आलेली, बाईंच्या नवऱ्याची आत्या. वय ऐंशीच्या पुढे, जीभ विशीतली.

"काय रे शेख, लोखंडाला जिन भितो म्हणून आम्ही दारावर घोड्याचा नाल ठोकतो ना? मग हा कुठला जिन, लोखंडाला टेकून बसणारा?"

लोक हसले. शेख गुरगुरला, "हाज्जा, जिनाजिनांत फरक असतो."

"असेल बाबा. मग आधी माझी पाळी. वयाने मोठी आहे मी, आणि माझं तोंडही फार ठणकतंय." कुणी काही म्हणायच्या आत म्हातारीने ओढणी नाकापर्यंत घेतली आणि ती परातीवर वाकली. वडीलधाऱ्या बाईला ऊठ कोण म्हणणार? शेखने बी टाकलं, घोंगडी टाकली. "नीघ रे चोरा! दाढेच्या मुळाशी दडू नकोस!" निखारे तडतडले. घोंगडी निघाली तेव्हा परातीत किडेच किडे.

"बघा!" शेख गरजला. "दाढा पोखरून टाकल्या होत्या हाज्जाच्या!"

म्हातारी खोकत उठली, तिने ओढणी खाली केली आणि सगळ्या अंगणाकडे बघून तोंडभर हसली. तोंडात एकही दात नाही. हिरड्यांचं गुळगुळीत, गुलाबी बोळकं!

"दाढा?" ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली मेल्या, शेवटची दाढ जाऊन! चहात बुडवल्याशिवाय भाकरी गिळत नाही मला. मग हे किडे कुणाच्या दाताचे, तुझ्या बापाच्या?"

गच्च्यांवरून हशा कोसळला. शेखची जीभ मात्र अजून शाबूत होती. "जुन्या दातांचे किडे हिरड्यांत उतरतात..."

"थांबा," इन्साफबाई म्हणाल्या. ठणका तसाच होता, पण आता त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली होती. त्यांनी शेखच्या झोळीतून मूठभर बी घेतलं. "सगळे मागे सरा. कुणीही वाकू नका." त्यांनी बी निखाऱ्यांवर टाकलं. तडतड झाली, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत परातीच्या पाण्यात पांढरे किडे टपटप उडून पडले. वर ना तोंड, ना घोंगडी!

बाईंनी एक किडा नखावर घेऊन रावियापुढे धरला. "हालतोय? नाही ना? हा बियातला अंकुर आहे. तू मेथीला मोड आणतेस तेव्हा दिसतो ना, तोच. आचेने बी फुटतं आणि तो उडून पाण्यात पडतो."

"पण ठणका थांबतो त्याचं काय?" रावियाचा आवाज रडवेला झाला.

त्याचं उत्तर तासाभराने दवाखान्यात मिळालं. बाईंनी मुठीत नेलेलं ते बी खुरासानी ओव्याचं निघालं. त्याच्या विषारी धुराने घटकाभर बधिरता येते, डोकं गरगरतं आणि आतलं दुखणं तसंच वाढत राहतं. डॉक्टर मारियाननी ते शांतपणे सांगितलं आणि मग विचारलं, "इन्साफबाई, खरं सांगा, काय चोखलंत?"

"मासळीचं डोकं," बाई पुटपुटल्या आणि त्यांना रडूच कोसळलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी जखम धुतली, सैल झालेला टाका पुन्हा घातला, स्क्रू तपासला. "घट्ट आहे. पक्कड लागली असती तर हाडासकट गेला असता. आता मऊ खा, औषधं वेळेवर घ्या, कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरा. आणि दुखलं तर मला फोन करा, लाजू नका. मीही रशीदचीच आहे, सणाला माझेही हात शिवशिवतात."

गुरुवारी सूज उतरू लागली. रावियाने दारातूनच टाळी वाजवली, "म्हटलं नव्हतं? नुसत्या शेगडीजवळ उभ्या राहिलात तरी धूर लागला!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, तीन दिवस चढून सूज उतरणारच होती. तुझीही मागच्या वर्षी आपोआपच उतरली असेल, आणि श्रेय घ्यायला तो शेजारी उभा होता!"

राविया विचार करत घरी गेली. तेही थोडं नव्हे.

हिवाळ्यात शाहिंदाच्या वरातीत इन्साफबाईंनी दोन्ही हात खाली सोडून अशी किलकारी दिली, की घोडासुद्धा बिचकला. कुणी नव्या दाताचं कौतुक केलं की हाज्जा तफीदा मध्येच आपलं बोळकं दाखवायची. "आधी हे बघा! दुखलं तर तोंड डॉक्टरांपुढे उघडा, आणि डोळे शेखपुढे!"