दोन डोळ्यांची फटफटी

पहिल्या किकेला मी कधीच बोलत नाही. दुसरीला नुसती खोकते. तिसरी किक बसली, मारणाऱ्याच्या धोतराचा सोगा सुटला आणि बघणारे हसले, की मग माझं तोंड उघडतं. ही माझी जुनी खोड. आता उघडलंच आहे तर ऐका. मी फटफटी. कागदावर मला मोटरसायकल म्हणतात, पण कागदावर तर हंबीरराव पाटलांचं वयही पन्नासच आहे.

जन्म विलायतेतला. तिथलं काही आठवत नाही, कारण रंग वाळायच्या आत मला लढाईवर धाडलं. शेवाळी अंग, डाव्या अंगाला जोडलेली बैठी डोली आणि त्या डोलीचं तिसरं चाक. शिकलेले लोक तिला साइडकार म्हणतात. माधवनगरच्या बायका घमेलं म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. त्या घमेल्यात मी दोन मेजर वाहिले, एक कर्नल वाहिला आणि कर्नलाचं कुत्रं वाहिलं. चौघांत शहाणं ते कुत्रंच. वळणावर तेवढंच गप्प बसायचं.

लढाई संपली, साहेब घरी गेले, आणि मी खडकीला लिलावात उभी राहिले. एका ठेकेदारानं मला घेतलं, आठ दिवस मिरवलं, आणि पेट्रोलचा खर्च कळल्यावर परड्यात नेऊन टाकलं. मग घमेल्यात कोंबडी बसायला लागली. कर्नलाच्या जागी कोंबडी! पण खरं सांगू? तिचा हुकूम जास्त चालायचा.

एक दिवस आकाराम आला. पलटणीतून पेन्शनीत निघालेला, माधवनगरच्या कापडगिरणीत दरवान, मिशीला तेल आणि बोलणं मोजून-मापून. त्यानं कोंबडी उठवली, खालचं अंडं मालकाच्या हातात दिलं आणि मला ढकलत सांगलीला दस्तगीर मिस्त्रीकडे नेलं.

दस्तगीरनं माझ्याभोवती एक फेरी मारली. बैल बघतात तसं बघितलं.

"आकारामभाऊ, ही चाकं लेवून विट्याच्या म्होरं गेलास तर हिला तिथंच पुरावं लागंल. तिकडं रस्ता कुठाय? गाड्यांच्या चाकोऱ्या हाईत नुसत्या. हिचं पोट खाली टेकतंय."

मग मिरजेला कुणाची तरी मोडलेली मोठी फटफटी पडली होती, तिच्या रिंगा त्यानं आणल्या. जाड तारा एकेक करून ओवल्या, पिळल्या, चाक फिरवून कान लावून ऐकलं. घमेल्याचंही चाक बदललं. मी चार बोटं उंच झाले. म्हातारपणी उंची वाढलेली सांगली जिल्ह्यात मी एकटीच असेन.

मग दिव्याची पाळी. माझा मूळचा दिवा म्हणजे काजव्याचा चुलतभाऊ. मिस्त्रीकडे एका पालथ्या पडलेल्या लॉरीचे दोन दिवे होते, ताटलीएवढे.

"ह्यातला एक बसीव," आकाराम म्हणाला.

"एक न्हाई. जोडी हाय. बैलजोडी आन दिवंजोडी दस्तगीर फोडत न्हाई."

"आरं पर फटफटीला दोन दिवं कुठं असत्यात?"

"दुसरा घमेल्याला लाव की. त्येला काय डोळा नको?"

अशी मी दोन डोळ्यांची झाले. एक डोळा हँडलावर, दुसरा घमेल्याच्या नाकावर, आणि मध्ये हातभर अंतर. आत बल्ब बसवले माझ्या पोटाला झेपतील असे, म्हणून उजेड पडायचा पिवळा, मिणमिणता. वरून मिस्त्रीनं एक रबरी भोंगा फुकट दिला. पों पों! आता तुम्हीच सांगा, अंधारात दोन पिवळे दिवे आणि पों पों, म्हणजे काय?

यष्टी! दुसरं काय?

पहिल्याच आठवड्यात तासगावच्या फाट्यावर एक म्हातारा गठुळं घेऊन धावत आला. गठुळं घमेल्यात टाकलं, पाय उचलला, आणि मग त्याचं ध्यान गेलं. "आरं तिच्या! ह्ये तर यष्टीचं पिल्लू हाय!" मला ते नाव फार आवडलं. त्यानंतर फाट्यावर माणसं दिसली की मी मुद्दाम जरा जास्त घरघर करायची. धावायची बिचारी. माणसाला धावताना बघण्यासारखी करमणूक नाही. स्वतःला धावावं लागत नाही तोवर.

आता लग्नाचं सांगते.

आकारामचा भाचा बाळासो. त्याच गिरणीत मागावर होता. अंगानं काडी, बोलायला लागला की कान लाल. त्याचं ठरलं सुलाशी. सुला वडूजच्या पुढच्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांशी सध्या माझं बरं चाललंय. दोन्ही घरं छपन्न सालापासून बौद्ध. घरातला देव्हारा गेला होता, मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं, पण गावातला रस्ता काही मोकळा झाला नव्हता. वस्तीतल्या नवरदेवानं चावडीपुढून घोड्यावर बसून जायचं नाही, असा तिथला रिवाज. त्यानं मागच्या अंगानं, ओढ्यातून चालत, चिखल तुडवत लग्नाला यायचं.

सुलाची आत्या हरणाबाई माधवनगरला निरोप घेऊन आली. चहा प्यायच्या आधीच तिनं बॉम्ब टाकला.

"पोरगी म्हनती, नवरा चावडीवरनं बसून आला तर हार घालीन. ओढ्यातनं आला तर पाय धुयाला पानी दीन आन वाटंला लावीन."

बाळासोचे कान लाल झाले. "खरंच म्हनली?"

"म्हनली तर! माज्या हाताखाली वाढलीया ती."

"मग बसूनच येतो आमी," आकाराम म्हणाला. "रिवाज घोड्याचा हाय. फटफटीचा कुणी केलाय?"

हे तिथल्या पाटलांच्या कानावर गेलं. हंबीररावांचा उलटा निरोप आला: घोडं असू दे न्हाईतर फटफटी, चावडीवर आमची मानसं बसत्याल. आणि नुसती बसणार नव्हती, काठ्या घेऊन बसणार होती.

आता गंमत बघा. त्याच दिवशी त्या गावाला पहिल्यांदा यष्टी येणार होती. पाटलांनी साताऱ्याला खेटे घालून घालून ती आणलेली. त्या भरात त्यांनी भर चावडीत सांगून टाकलं, "पैल्या फेरीचा जो पैला पाशिंजर, त्येला मी सोताच्या हातानं फेटा बांधनार!" उदार वाटतंय ना? आदल्या दिवशीच त्यांनी आपल्या जावयाला वडूजला धाडून दिलं होतं, ड्रायव्हरच्या मागची जागा धरून बसायला. पाटलांचं औदार्य घरातल्या घरातच फिरायचं.

लग्नाच्या दिवशी बाकीचं वऱ्हाड सकाळीच बैलगाड्यांतून पुढे गेलं. आम्ही दुपार कलल्यावर वडूज सोडलं. आकाराम माझ्यावर, बाळासो पांढऱ्या कपड्यांत घमेल्यात, गुडघे हनुवटीला लागलेले. बाळासोनं घमेल्याची कड इतकी आवळली होती, की माझा पत्रा कुरकुरत होता. मी मेजर-कर्नल वाहिलेत, तोफांचे आवाज ऐकलेत, पण त्या पोराइतकं घाबरलेलं ओझं कधी वाहिलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्याच्याइतकं धीटही नाही. परत फिरवा असं एकदाही म्हणाला नाही.

गाव दोनेक कोसांवर राहिलं आणि बघतो तर काय, यष्टी रस्त्याच्या कडेला उभी! बॉनेट उघडं, वाफ वर, ड्रायव्हर पाण्याला गेलेला. केळीचे खुंट बांधलेले, हार घातलेले आणि इंजिन थंडगार पाण्याची वाट बघतंय. मला हसू आवरेना. नुसतं खोकून घेतलं.

कंडक्टर भाऊसो हात करत पुढे आला. "आवं फटफटीवालं, गावापतूर न्या की मला! लोक आरत्या घेऊन हुभं असत्याल. यष्टी येतीया म्हनून सांगतो तरी."

"बसा," आकाराम म्हणाला.

भाऊसोनं आत बसलेल्या जावयालाही हाक मारली. "जावईबापू, तुमी येताय?"

"छ्या! खाली उतारलो तर पैला पाशिंजर कसा व्हईन?" आणि जावयानं जागा आणखी घट्ट धरली. असे जावई जपून ठेवावेत.

भाऊसो तिकिटांची पेटी गळ्यात घेऊन मागे बसला. दिवेलागण झाली. आकारामनं माझे दोन्ही डोळे लावले.

तिकडे गावात काय झालं ते मला मागून कळलं. वेशीबाहेर कुणीतरी ओरडलं, "आली! आली! दोन दिवं!" सगळं गाव चावडीपुढं लोटलं. काठ्या घेऊन बसलेली माणसं काठ्या भिंतीला टेकवून पताका धरायला पळाली. हलगी कडाडली. आकारामला वाटलं, मारायला आले. त्यानं भोंगा दाबला. पों पों! त्याबरोबर तिकडून "यष्टी आली रं!" म्हणून एकच गिल्ला झाला.

चावडीपुढं माझ्या तोंडासमोरच नारळ फुटला. पाटलांची आई पारूबाई, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात पंचारती. ती विझू नये म्हणून आकारामनं मला बंद केलं. पारूबाईनं माझ्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाली, "केवढं टपोरं डोळं गं बाई! पर जराशी बुटकीच दिली की रं सरकारनं."

तोवर धुरळा खाली बसला.

हलगी थांबली. पाटील हातात कोरा फेटा धरून उभे. समोर आकाराम. मागे पेटीवाला कंडक्टर. घमेल्यात पांढऱ्या कपड्यांतला बाळासो.

"आकाराम?"

"व्हय पाटील."

"आन ही?"

"फटफटी हाय."

एकाची नजर भिंतीकडच्या काठ्यांवर गेली. माझ्या टाकीतलं पेट्रोल गोठलं. भाऊसो कसनुसा हसला. "यष्टी येतीया मागनं... पानी पीत्या..."

"कंडाक्टर आला, भोंगा वाजला, दिवं दोन हाईत," पारूबाई म्हणाली. "मग आनि काय असती यष्टी? पैला पाशिंजर कंचा? उतर रं बाळा खाली."

बाळासोचे कान लाल झाले असतील, अंधारात दिसलं नाही. पण आवाज ऐकू आला. "आजी, मला बसूनच जायाचं हाय. चावडीवरनं."

पाटील म्हणाले, "ओढ्याकडनं..."

"हंबीरा!" म्हातारीनं ताट खाली घेतलं. "ओवाळल्यालं परत घेता येतंय व्हय रं? नारळ तू फोडलास. शबुद तू दिलास, गावाम्होरं. आता फिरीवतूस? बांध फेटा!"

पाटलांनी गावाकडे बघितलं. गाव पाटलांकडे बघत होतं. मग ते पुढे आले. बाळासो काही उठला नाही, आणि घमेलं पडलं बैठं. पाटलांना कमरेत वाकावं लागलं. दस्तगीरनं चाकं चार बोटं उंच केली म्हणून निभावलं, नाहीतर गुडघे टेकावे लागले असते! आणि एक सांगते, पाटील रागात होते, तरी फेटा झकास बसला. गावात तसा फेटा दुसरं कुणी बांधत नव्हतं, आणि वाईट बांधायला त्यांचा हात धजला नाही.

तुरा सारखा करून पाटील म्हणाले, "न्या आता. इंजान निवंल."

आता माझी खोड आठवा. पहिल्या किकेला मी बोलत नाही. तिथे मी खोकत बसले असते, आकाराम किका मारत घामाघूम झाला असता, कुणीतरी हसलं असतं, आणि हसण्यातून पुढे काय निघालं असतं ते सांगता येत नाही. आकारामनं पाय ठेवला. माझ्या पत्र्यावर हात फिरवून हळूच म्हणाला, "आक्का, आज नगं."

मी पहिल्या किकेला बोलले. आयुष्यात एकदाच!

हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, तोही वाजवत मागे आला. चावडी गेली, पार गेला, काठ्या भिंतीला टेकूनच राहिल्या. वस्तीच्या तोंडाशी सुला उभी होती, हातात हार. फेट्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. आधी बाळासोचे पाय बघितले. कोरडे होते. हार घातला. हरणाबाई मला टेकून इतकी रडली, की मला वाटलं माझ्या तारा गंजतील. आकारामनं पलटणीतून सुटल्यावर पहिल्यांदाच खांदे सैल सोडले.

खरी यष्टी आली तेव्हा चावडीवर दोन कुत्री होती. जावई पहिला उतरला. कुत्र्यांनी त्याचं यथासांग स्वागत केलं.

त्या उन्हाळ्यानंतर मला उसंत नव्हती. कुठल्या कुठल्या वस्त्यांतून बोलावणी यायची: नवरदेव चावडीवरनं न्यायचाय, दोन डोळ्यांची फटफटी पायजे. इस्लामपूरकडे गेले, माणदेशात गेले. कुठे वाट मिळाली, कुठे दगडही खाल्ले. उजव्या डोळ्याच्या कडेला खोक आहे ती त्यातलीच.

गेल्या वर्षी सुलाच्या धाकट्या भावाची वरात होती, त्याच गावात. मी पुसून-पासून तयार. कुणी न्यायलाच आलं नाही! चार दिवस मी फुगून बसले. मग आकाराम परत आला, माझ्याशेजारी बिडी पेटवून म्हणाला, "आक्का, पोरगं चालत गेलं. चावडीवरनंच. पाटलानं पारावरनं नुसतं इचारलं, यष्टी कुठाय रं आज?"

एवढा जीव कधी हलका झाला नव्हता.

आता मी सुला-बाळासोच्या छपराखाली माधवनगरला उभी असते. घमेल्यात परत कोंबडी बसते. बसू दे. चाकांच्या तारा सैल झाल्यात, रबरी भोंगा सर्दी झाल्यासारखा वाजतो. पण दिव्यांच्या खोबणीत पारूबाईचं कुंकू अजून आहे. ते घासू नका. दिवे कुणाला लागलेच तर खुशाल न्या, पण दोन्ही न्या. जोडी फोडू नका, दस्तगीर वर बसून शिव्या घालेल.

आणि कधी वाटलंच, तर मला किक मारून बघा. तीनदा मारावी लागेल. धोतर सांभाळा. पहिल्या किकेला बोलायची वेळ परत कुणावर न येवो.