मोजचाकाला चिकटलेलं डांबर

मित्रांनो, मी एक जुनं मोजचाक आहे आणि गोदामातल्या खिळ्याला लटकून लटकून मला अगदी वीट आलाय. खाली चाक, वर लांब दांडा आणि आकडे दाखवणारी डबी, एवढाच माझा पसारा. माझा एक फेरा म्हणजे बरोबर एक मीटर. मला पाय नाहीत, तरी जन्मभर पायाला भिंगरी होती.

मला फिरवायच्या त्या मोजणीवाल्या बाई. मी रस्त्याची लांबी सांगायची, बाईंनी तिला रुंदीने गुणायचं आणि चौरस मीटरला एक किलो धरून डांबर मागवायचं. बाईंचा अंदाज चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. मला वाटायचं, कौतुक माझंच चाललंय.

एकदा घाईत त्यांनी मला ताज्या डांबरावरून फिरवलं आणि तसंच ठेवून दिलं. डांबर आणि खडीचा चुरा मिळून पाच मिलिमीटरचा थर माझ्यावर वाळला. आता मी प्रत्येक फेऱ्यात मीटरपेक्षा जरा जास्तच पुढे जाऊ लागलो, पण डबी बिचारी फेरेच मोजत होती. शाळेचा रस्ता अठराशे मीटरचा. मी सांगितला सतराशे पंचेचाळीस! माझा जीव नुसता कासावीस झाला, पण सांगणार कसं?

डांबर आलं तेही तेवढंच. काम शाळेच्या फाटकाजवळ पोचलं, तेव्हा मुकादमाने टाकीत गज बुडवून पाहिला.

"बाई, पुरत नाही हो! पुढे पातळ मारून घेऊ. वरून काळंच दिसणार, कुणाला कळतंय?"

पातळ डांबर खडी धरत नाही आणि पोरं सायकली वळवतात ती नेमकी तिथेच. बाईंनी मला उचललं, कडेवरून नख फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

"काम थांबवा."

"अहो, साहेब तुम्हाला फैलावर घेतील!"

"घेऊ देत. चाक न पुसता मोजलं मी."

दोन दिवस फाटकासमोर नुसती खडी होती. येणारा-जाणारा बाईंना बोलून जायचा.  तिसऱ्या दिवशी डांबर आलं आणि फाटकापर्यंत पूर्ण जाड बसलं.

पुढे बटणावर मोजणारं यंत्र आलं, बाईंची बदली झाली. अजूनही दार वाजलं की मी खिळ्यावर हलतो.

मित्रांनो, मोजायचं साधन आधी पुसा, मग मोजा. आणि तरीही चुकलंच, तर मोठ्यानं सांगा. शेवटचा तुकडा पातळ मारू नका.