ब्राउझरची पहिली फेरी

माझा नवरा दर्पण हुशार आहे, पण स्वतःच्या गावाचा विषय निघाला की त्याची अक्कल चरायला जाते. मेहुल नावाच्या मित्रासोबत पालघरला बसून त्याने एक नवा ब्राउझर केला. मराठीत वाचून दाखवणारा, रेंज कमी असली तरी चालणारा. होता अजून कच्चाच, पण सोमवारी सगळ्यांसाठी खुला करायचं ठरलं होतं. त्याआधी वापरून चुका सांगा, म्हणून त्याने तो केळव्याला आमच्या कोळीवाड्यातल्या सगळ्यांच्या फोनवर टाकून दिला.

मग आठवडाभर घरोघर विचारत फिरला. उत्तर एकच, चांगला हाय. सुकी मासळी विकणारी दीपा तेच म्हणाली, बर्फवाला धर्मेशही तेच. माझ्या सासूबाई गोदूबाई यांनी तर लेकाच्या तोंडावरून हात फिरवून सांगितलं. दर्पणचा चेहरा रोज थोडा जास्त उतरत होता. चुका नाहीत असा ब्राउझर नसतोच, लोक एकदा उघडतात, अडकला की काढून टाकतात आणि परत फिरकत नाहीत, असं तो मला समजावत होता. नोकरी सोडून केलेलं काम सोमवारी बुडणार, याची त्याला धास्ती होती.

"माझ्याच माणसांनी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही गं," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी सासूबाई ओट्यावर बसून वाऱ्याचा अंदाज बघत होत्या. नव्या ब्राउझरने अर्धंच पान दाखवलं आणि तो थिजला. त्यांनी गुपचूप जुना उघडला, वारा बघितला आणि फोन पदराखाली घेतला. मी पकडलंच त्यांना. खोटं का सांगता म्हणून विचारलं, तर माझ्यावरच डाफरल्या.

"नवी होडी पाण्यात उतरते तवा तिला कुणी गळकी म्हणतं का? पयली फेरी करून येऊ दे. मग सांगू."

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळा वाडा तोंड शिवून बसला होता, तो दर्पणच्या भल्यासाठी!

दर्पणला सांगितलं तर म्हणे, ब्राउझरला कसली आलीय फेरी. मी त्याचं काही ऐकलं नाही. त्याचा फोन घेतला, सासूबाईंनी फोनला हळदकुंकू लावलं, मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि सासऱ्यांनी तो खिशात घालून होडी काढली. दुपारी परत आले आणि फोन सासूबाईंच्या हातात देत फेरी झाली म्हणाले.

मग काय, बांधच फुटला. दीपा म्हणाली, फोटो उघडला की सगळं बंद पडतं. धर्मेशला ब्राउझरमधून वाचून दाखवणाऱ्या बाईचा आवाज सर्दी झाल्यासारखा वाटत होता. सासऱ्यांना उन्हात अक्षरंच दिसत नव्हती. दर्पण वाळूत बसकण मारून लिहून घेत होता. मध्येच मेहुलला फोन करून त्याने सोमवार पुढे ढकलला. एवढी बोलणी खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सासूबाईंनी वाऱ्याच्या पानाचं सांगितलं. रोज अडकतं, रोज जुनाच उघडावा लागतो.

"मग आये, रोज आधी माझा उघडायचीस कशाला?" दर्पणने विचारलं.

"तुझा हाय म्हणून."

दर्पणचा हात थांबला. मग त्याने आईची तक्रार सगळ्यात वर लिहिली.